दहातल्या सात फाइट जिंकूनही बॅलन्स शून्यावर का येतो

पाचोऱ्याच्या एका मुलाने विचारलंय, सेकंड इयरला आहे म्हणतो. "सॉल्टी बेटवर दोन महिने झाले लावू राहिलो. दहातल्या सात फाइट तरी बरोबर येतात पण पैसे काही वाढत नाहीत, तीनदा तर पार शून्यावर गेलो. हरल्यावर डबल लावत गेलो तर भरून निघेल का? बॉट, म्हणजे आपोआप लावणारा प्रोग्रॅम, लिहू का? आणि ग्रुपमधले म्हणता की तुला एवढं कळतं तर हेच आपण खऱ्या पैशात लावू, त्याचं काय करू?"

भाऊ, प्रश्न चांगला विचारलास. मी भुसावळला संख्याशास्त्र शिकवतो, ही स्ट्रीम बरीच वर्षं बघतोय, नोंदी ठेवतोय आणि या कॅरेक्टरच्या फाइली उघडून आत काय लिहिलंय ते वाचायचा नाद आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. चहा घेऊन बस.

ज्यांना हे काय आहे माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. सॉल्टी बेट २०१३ पासून चालू आहे. ट्विच या लाइव्ह व्हिडिओच्या साइटवर चोवीस तास फाइटिंग गेमच्या मॅच चालू असतात, पण दोन्ही बाजूंनी कॉम्प्युटरच खेळतो, कुणाच्याही हातात कंट्रोलर नाही. मागे जे इंजिन आहे त्याचं नाव मुगेन, एलेकबाइट नावाच्या ग्रुपने १९९९ मध्ये आणलेलं. त्यात कुणीही स्वतःचं कॅरेक्टर बनवून टाकू शकतो, म्हणून जगभरातल्या हौशी लोकांनी हजारो बनवलीत, एका बाजूला स्ट्रीट फायटरचा र्‍यू आणि समोर कुठल्या तरी कार्टूनमधला प्राणी असं सर्रास होतं. एक लाल, एक निळा. मॅच सुरू व्हायच्या आधी थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात साइटने दिलेले खोटे डॉलर, म्हणजे सॉल्टी बक्स, एका बाजूवर लावायचे. हे पैसे बाहेर काढता येत नाहीत, त्यातून चहासुद्धा येत नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे. कोण जिंकेल हे ओळखणं तुला जमतंय, दहात सात म्हणजे वाईट नाही. अडचण दुसरीकडे आहे, तू कुठल्या भावात लावतोस आणि बॅलन्सचा किती भाग लावतोस या दोन ठिकाणी, आणि या दोन्ही गोष्टींबद्दल तुझ्या मेसेजमध्ये एक शब्द नाही. त्यावरूनच मला वाटतं की तू त्या बघतच नसशील.

इथे भाव कुणी बुकी ठरवत नाही. लालवाल्यांचे सगळे पैसे एका ढिगात, निळ्यावाल्यांचे दुसऱ्या, आणि हरलेला ढीग जिंकलेल्यांमध्ये ज्याने जेवढे लावले त्या प्रमाणात वाटला जातो. समज लालवर ९ लाख आहेत आणि निळ्यावर ३ लाख. लाल जिंकला तर १०० लावणाऱ्याला वरचे ३३ मिळतात. निळा जिंकला तर १०० ला ३००. आता तू कायम गर्दीच्या बाजूने, म्हणजे फेव्हरेटवर लावतोस असं धरू, कारण नवीन माणूस तेच करतो आणि दहात सात हा आकडाही तेच सांगतो. दर वेळी १०० लावले आणि सरासरी भाव वरच्यासारखाच असला तर १०० मॅचमध्ये ७० वेळा ३३ मिळाले म्हणजे २,३१०, आणि ३० वेळा १०० गेले म्हणजे ३,०००. जिंकल्या सत्तर मॅच, आणि खिशातून ६९० गेले. या भावात नुसतं बरोबरीला राहायलाच १०० त ७५ मॅच जिंकाव्या लागतात. भाव अजून चढा असला, १० ला १ वगैरे, तर ९१ च्या आसपास. म्हणजे तुझा अंदाज बरोबर येतोय आणि तरी तू तोट्यात आहेस, यात काही चमत्कार नाही, साधी वजाबाकी आहे.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा बघायला जाणारा अनुभवी माणूस जनावर चांगलं आहे का हे तर बघतोच, पण मालक जी किंमत सांगतोय तेवढ्याचं आहे का हे वेगळं बघतो, आणि उत्तम घोडासुद्धा किमतीमुळे सोडून देतो. तुला ही दुसरी नजर आणायची आहे. प्रत्येक मॅचला स्वतःला दोन आकडे विचार: माझ्या मते निळा जिंकायची शक्यता किती, आणि लोकांच्या पैशाप्रमाणे ती किती निघते. लोकांचा आकडा काढणं सोपं आहे, निळ्याचा ढीग भागिले दोन्हीची बेरीज. वरच्या उदाहरणात ३ भागिले १२, म्हणजे २५ टक्के. तुझ्या मते निळा ३५ टक्के जिंकेल असं असेल तर निळ्यावर लाव, जरी तो बहुतेक वेळा हरणार असला तरी. हे पचायला जड जातं. माझे विद्यार्थीही इथेच अडतात, की सर, जो हरेल असं मलाच वाटतं त्याच्यावर पैसे का लावू. कारण तीनदा लावून एकदा जरी आला तरी ३०० मिळतात आणि गेले २००.

पण इथे एक गोची आहे आणि ती या साइटची खास आहे. बेटिंग चालू असताना कुठल्या बाजूला किती पैसे पडले ते दिसत नाही. विंडो, म्हणजे लावायची वेळ, बंद झाल्यावर दिसतं, तेव्हा हात बांधलेले. म्हणजे लोकांचा आकडाही तुला आधी ओळखावा लागतो. त्यामुळे खरं काम दोन अंदाजांचं आहे, एक कॅरेक्टरचा आणि एक गर्दीचा, आणि मी स्वतः जास्त वेळ गर्दीवर घालवतो, कारण गर्दी जास्त नियमाने वागते.

गर्दी कुठे चुकते ते सांगतो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नाव. ओळखीचं, गाजलेलं नाव आलं की पैसा तिकडे धावतो. पण मुगेनमध्ये एकाच नावाची डझनावारी व्हर्जन असतात, वेगवेगळ्या लोकांनी बनवलेली, एक गोकू समोर येईल त्याला झोपवेल आणि दुसरा गोकू जागच्या जागी उड्या मारत मार खाईल. नावावरून काहीच कळत नाही, ते नेमकं कुणाचं व्हर्जन आहे आणि त्याचा रेकॉर्ड काय एवढंच कामाचं. दुसरं म्हणजे दिसणं. स्क्रीनच्या अर्ध्या उंचीचा राक्षस समोर आला की लोकांना तो जिंकेलसं वाटतं. पण मोठं अंग म्हणजे मार लागायची जागाही मोठी, लहान फटके जे बारीक कॅरेक्टरच्या डोक्यावरून जातात ते याला सगळे बसतात, आणि अनेक हिट देणारा एखादा प्रोजेक्टाइल, म्हणजे फेकलेला गोळा, त्याच्या अंगातून जाताना दुप्पट तिप्पट वेळा लागतो. अर्थात काही मोठ्या कॅरेक्टरना बनवणाऱ्याने फटका बसला तरी न हलण्याची सोय दिलेली असते, मग गणित उलटं, त्यामुळे आकारावरून थेट काही ठरवू नको, त्याची एखादी मॅच बघितलेली असली पाहिजे.

तिसरी चूक म्हणजे छोटा रेकॉर्ड. तीन मॅच खेळला, तीन जिंकला, लोक म्हणतात शंभर टक्के. यावर जुना साधा उपाय आहे, लाप्लासचा: जिंकलेल्यात १ मिळव, एकूण मॅचमध्ये २ मिळव, मग भागाकार कर. ३ पैकी ३ वाला झाला ५ पैकी ४, म्हणजे ८० टक्के. ४० पैकी ३० वाला होतो ४२ पैकी ३१, म्हणजे ७४ च्या आसपास. आता दोघं एकमेकांच्या किती जवळ आले बघ, आणि दुसऱ्याच्या आकड्यावर तर तू कितीतरी जास्त विश्वास ठेवू शकतोस. गर्दी मात्र पहिल्याला देव करून टाकते, आणि तिथे समोरच्यावर चांगला भाव मिळतो.

चौथी, टिअर. इथे कॅरेक्टरना पी, बी, ए, एस, एक्स अशा पायऱ्या आहेत, पी म्हणजे अगदी ढ, एक्स म्हणजे ज्यांना आवरच नाही. जिंकत गेला तर वर ढकलतात, हरत गेला तर खाली. त्यामुळे खालच्या टिअरमध्ये धडाधड जिंकून नुकताच वर आलेला फायटर कागदावर झकास दिसतो, पण ते सगळे विजय कच्च्या लोकांवरचे असतात. आणि वरून घसरून खाली आलेला कागदावर भंगार दिसतो, पण तो हरलाय मजबूत लोकांशी. लोक नुसता विजयाचा टक्का बघतात. बरेच बेट तर स्क्रिप्ट लावतात, ब्राउझरमधले बॉट, आणि त्यातले साधे बॉट सगळे तोच टक्का बघून एकाच बाजूला पडतात. अशा मॅचमध्ये घसरून आलेल्याच्या बाजूने उभं राहणं मला आवडतं.

हे नीट पकडायचं असेल तर टक्का सोडून रेटिंग ठेव. बुद्धिबळात जे वापरतात तेच, आर्पाड इलो यांचं, जे फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये घेतलं. त्यात कुणाला हरवलं याला किंमत असते. दोघांत २०० गुणांचा फरक असेल तर वरचा साधारण ७६ टक्के जिंकतो, ४०० चा असेल तर ९१ टक्के. एक्सेल शीटमध्ये बसतं हे, फार कोडिंग लागत नाही. नवीन कॅरेक्टरचं रेटिंग सुरुवातीला मोठ्या उड्यांनी बदलू दे, नंतर उड्या लहान कर.

पण इलोवरही डोळे झाकून जाऊ नको, आणि इथे कॅरेक्टरच्या आत काय असतं ते जरा सविस्तर सांगतो कारण मला यातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. मुगेनचं कॅरेक्टर म्हणजे चित्रं, आवाज आणि साध्या टेक्स्ट फाइली. नोटपॅडमध्ये उघडतात. इंजिनसोबत जो कुंग फू मॅन येतो त्याचा लाइफ, म्हणजे मार सोसायची ताकद, १०००, अटॅक १००, डिफेन्स १०० आहे, बरेच लोक तिथूनच सुरुवात करतात, आणि मग कुणी लाइफ वाढवून ठेवतो, कुणी डिफेन्स, विचारणारं कोणी नाही. आता एआय, म्हणजे कॉम्प्युटर त्या कॅरेक्टरला कसं खेळवतो ते. बनवणाऱ्याने स्वतः काही लिहिलं नसेल तर इंजिन त्या कॅरेक्टरच्या कमांड आपल्या मनाने, बहुतांश रँडम दाबत राहतं. पुढे रेषेत चालतो, मध्येच हवेत किक, मध्येच सुपर, म्हणजे सगळ्यात जोरदार मूव्ह, वाया घालवतो. पण बनवणाऱ्याने एआय लिहिला असेल तर चित्र बदलतं. मुगेन १.० पासून एआयलेव्हल नावाचा ट्रिगर आहे, त्याने कोडला कळतं की आपल्याला माणूस चालवत नाहीये, मग तो लिहितो की समोरचा इतक्या अंतरावर असेल आणि हवेत असेल तर हा मूव्ह, फटका येत असेल तर ब्लॉक. काहींचा ब्लॉक इतका अचूक असतो की माणसाला शक्यच नाही. आणि काहींच्या कॉम्बोला, म्हणजे सलग बसणाऱ्या फटक्यांना, शेवटच नसतो, एकदा पकडलं की लाइफ संपेपर्यंत सोडत नाही.

म्हणून एखादं नवीन कॅरेक्टर पहिल्यांदा दिसलं की मी जिंकला का हरला याच्या आधी हे बघतो की तो विचार करून खेळतोय का बटणं दाबली जाताहेत. अंतर राखतो का? समोरचा सुपर मारतो तेव्हा ब्लॉक करतो का? पडलेल्या माणसाजवळ जाऊन उभा राहतो का उगाच उड्या मारतो? अर्धा मिनिट बघितलं की कळतं, आणि हे एका विजयापेक्षा जास्त सांगून जातं. शैलीची जुळणीही बघ. लांबून सतत गोळे फेकणारा ज्याला ब्लॉक येत नाही अशा सगळ्यांना खातो, पण गोळे परत फिरवणारा किंवा त्यातून आरपार जाणारा कोणी आला की त्याचं काहीच चालत नाही. म्हणजे अ ने ब ला हरवलं, ब ने क ला हरवलं, आणि क अ ला धुवून काढतो, असं इथे नेहमी होतं. इलोला हे दिसत नाही, तुझ्या वहीत एक शब्द लिहिलेला असला की दिसतं. वेळेवरही लक्ष ठेव, टाइम संपला तर ज्याचा लाइफ जास्त तो जिंकतो, त्यामुळे पळपुटे आणि भरपूर डिफेन्सवाले कागदावर वाटतात त्यापेक्षा जास्त मॅच काढतात.

आणि एवढं करूनही तेच दोघं पुन्हा लढले तर निकाल वेगळा येऊ शकतो, एआयमध्ये रँडमपणा असतोच. कुणी तुला "ही मॅच पक्की" म्हणाला तर त्याने नोंदी ठेवलेल्या नाहीत.

आतापर्यंतचं एका ओळीत: तुझी शक्यता, गर्दीची शक्यता, आणि दोघांत फरक असेल तरच लावायचं, नसेल तर बघत बसायचं. बघत बसणं हाही निर्णय आहे, आणि शिकायला तर तोच जास्त कामाचा.

आता किती लावायचं. इथे उत्तर तुझ्या बॅलन्सवर अवलंबून आहे, सगळ्यांना एक उत्तर लागू होत नाही. कारण साइटवर शून्यावर गेलास तरी एक किमान रक्कम परत मिळते. समज ती ४०० आहे आणि तुझ्याकडे ६०० आहेत. सगळे लावून हरलास तर तू ० वर जात नाहीस, ४०० वर जातोस, म्हणजे खरा धोका २०० चाच. जिंकलास आणि भाव सारखा असला तर वरचे ६०० मिळतात. मग निम्म्याहून कमी शक्यता असली तरी परवडतं, नुसती २५ टक्के पुरते. म्हणून बॅलन्स तळाला असताना जुने लोक बिनधास्त ऑल-इन करतात ते वेडेपणाने नाही, हिशोबाने करतात. तू तीनदा शून्यावर गेलास त्यातलं एखादं शून्य असं लहान बॅलन्सवरचं असेल तर त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. टूर्नामेंटलाही तसंच. मध्येच सोळा कॅरेक्टरची टूर्नामेंट लागते, तिथे वेगळी रक्कम हातात देतात आणि शेवटी जे उरेल ते मुख्य बॅलन्समध्ये जमा होतं, गेलं तर मुख्य बॅलन्सला धक्का नाही. तिथे जपून खेळण्यात अर्थ नाही.

पण बॅलन्स ५०,००० झाला की ते ४०० परत मिळण्याला काही किंमत राहत नाही, आणि तिथेच ऑल-इनची सवय घात करते. लागोपाठ दहा वेळा बरोबर आलास आणि अकराव्यांदा चुकलास तरी सगळं गेलं. इथे केलीचं सूत्र लाव. बेल लॅब्समधल्या जॉन केलीने १९५६ मध्ये मांडलं. जिंकायची शक्यता गुणिले भाव, त्यातून हरायची शक्यता वजा, आणि आलेल्याला पुन्हा भावाने भाग. निळ्याला २ चा भाव मिळेल असं वाटतं, म्हणजे १०० ला २००, आणि तुझ्या मते तो ४० टक्के जिंकेल. ०.४ गुणिले २ म्हणजे ०.८, वजा ०.६, राहिले ०.२, भागिले २, म्हणजे ०.१. बॅलन्सचा दहावा भाग लाव. उत्तर ऋण आलं तर लावूच नको. मी स्वतः सूत्र सांगतं त्याच्या निम्मं लावतो, आणि तुलाही तेच सांगेन, कारण तुझी ४० टक्के ही शक्यता अंदाजाची आहे, गर्दीचा भावही अंदाजाचा आहे, आणि केली सांगतो त्याच्या दुप्पट लावलं तर लांबच्या हिशोबात वाढ जवळपास शून्यावर येते. चांगला अंदाज असून वाढ शून्य! बहुतेकांचं नेमकं हेच होतं आणि ते दोष नशिबाला देतात.

अजून एक, बॅलन्स फारच मोठा झाला तर तुझाच पैसा भाव पाडतो. वरच्या उदाहरणात निळ्यावर ३ लाख होते, तू एकट्याने अजून ३ लाख टाकलेस की तो ढीग ६ लाखांचा झाला, आणि १०० ला ३०० ऐवजी १५० च मिळाले. स्ट्रीमवर गर्दी कमी असली की हे लवकर जाणवतं. अमेरिकेतली रात्र म्हणजे आपली सकाळ, तेव्हा ढीग मोठे असतात, आपल्या दुपारी वेगळे. तुझ्या वेळेला ढीग साधारण केवढे असतात ते आठवडाभर नुसतं लिहून ठेव.

डबलचं थोडक्यात सांगतो कारण त्यात फार काही नाही. डबल करत गेलं की एक विजय सगळं भरून काढतो हे फक्त समान भावात खरं आहे. तू फेव्हरेटवर ३ ला १ च्या भावात लावतोस, तिथे गेलेले १०० परत आणायला ३०० लावावे लागतात. तेही गेले तर एकूण ४०० गेले, ते आणायला १,२००. तेही गेले तर १,६०० साठी ४,८००. दर वेळी चौपट! आणि तुझ्या दहात सातच्या हिशोबाने लागोपाठ तीन हरणं १०० मॅचमध्ये एकदा तरी व्हायची शक्यता ८० टक्क्यांहून जास्त आहे. उरलेल्या दोन शून्यांमागे बहुधा हेच असेल. डबल बंद कर.

आता खऱ्या पैशाचं. यावर मी गोलगोल बोलणार नाही. करू नको. ग्रुपवाल्यांनाही करू देऊ नको, आणि तू हिशोब ठेवणारा, कळणारा माणूस आहेस म्हणून त्यांनी तुला पुढे केलंय, तर तुझ्या शब्दाला तिथे वजन आहे, ते वापर.

आपल्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्त्यांचे डाव बसतात हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून बघितलंय, घरचे मोठेही बसतात, त्यामुळे थोडेफार पैसे लावणं आपल्याला विशेष वाटत नाही. पण आखाजीचा डाव सण संपला की उठतो. मोबाइलवरचा डाव चोवीस तास चालू, आणि ही स्ट्रीम तर थांबतच नाही, एक मॅच संपली की दुसरी तयार. मी वर्गात बसणारी मुलं बघितलीत जी वर्षभरात ओळखू येईनाशी झाली, फी भरायचे पैसे गेले, मग मित्रांकडून उसने, मग घरी खोटं. हुशार मुलं होती, गणित तुझ्याएवढंच येत होतं. मला त्यांची आठवण अजून त्रास देते आणि म्हणून इथे जरा जोरात बोलतोय.

हिशोबानेही बघ. वर जे सगळं सांगितलं त्यातली मुख्य कमाई कुठून येते? शून्यावर गेल्यावर फुकट परत मिळणाऱ्या रकमेतून, आणि टूर्नामेंटला फुकट हातात दिलेल्या रकमेतून. खऱ्या पैशात यातलं काहीच नाही. तिथे शून्य म्हणजे शून्यच, आणि त्याच्या खाली उधारी. साइटवर तुझ्या समोरची गर्दी हजारो लोकांची आहे, खोट्या पैशात बेफिकीर लावणारी, म्हणून चुकीचे भाव मिळतात. ग्रुपमध्ये समोर तुझेच दहा मित्र असणार, त्यातला एक ढीग धरून बसणार, स्वतःचा कट काढणार. जो कौशल्याचा फरक तुला वाटतोय तो त्या कटमध्येच जाईल. आणि कायद्याचं म्हणशील तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आलाय, पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे, कौशल्याचा खेळ आहे असं म्हणून त्यातून सुटता येत नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदीचा कायदा तर आधीपासून आहेच. खोट्या बक्सवर लावणं आणि त्याच मॅचवर ग्रुपमध्ये रुपये लावणं या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, स्ट्रीम तीच दिसली तरी.

राहिला बॉट. लिही की, जरूर लिही, तुझ्या वयात प्रोग्रॅमिंग शिकायला याच्यापेक्षा चांगलं निमित्त मला माहीत नाही. पण क्रम असा ठेव. आधी महिनाभर हाताने नोंद कर. प्रत्येक मॅचला लाल कोण, निळा कोण, टिअर कुठली, विंडो बंद व्हायच्या आधी तुझी शक्यता किती, गर्दीचा तुझा अंदाज किती, मग खरे ढीग किती निघाले आणि जिंकला कोण. शक्यता विंडो बंद व्हायच्या आधीच लिहायची, नंतर नाही, नाहीतर मन स्वतःलाच फसवतं. शेवटी एक रकाना मोकळा सोड, तिथे "गोळे फेकतो", "ब्लॉक करत नाही" असं दोन शब्दांत. इलुमिनाटी नावाची पैसे देऊन घ्यायची मेंबरशिप आहे, त्यात कॅरेक्टरची आकडेवारी दिसते, पण शिकायला तिची गरज नाही, आपली वही पुरते.

महिन्यानंतर ज्या ज्या मॅचला तू ७० टक्के लिहिलं होतंस त्या सगळ्या वेगळ्या काढ आणि त्यातल्या खरंच किती जिंकल्या ते मोज. सत्तरच्या आसपास आल्या तर तुझा अंदाज खरा आहे. पंचावन्न आल्या तर तुझा ७० म्हणजे ५५ आहे हे कळलं, मग केलीत ५५ टाक. गर्दीच्या अंदाजाचंही तसंच कर. माझ्या अनुभवात इथेच बहुतेकांना कळतं की फेव्हरेटबद्दल आपण जास्त खात्री बाळगतो.

हे आकडे नीट जुळायला लागले की मग बॉटला दे. आधी दिलेस तर तो तुझीच चूक चोवीस तास, न थकता करत बसेल. आणि बॉट लिहिलास तरी रोज थोडा वेळ मॅच स्वतः बघ, कारण एखादं कॅरेक्टर ब्लॉक करतंय का नाही हे रेकॉर्डमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. महिन्याची शीट तयार झाली की इथेच टाक, ७० टक्क्यांच्या मॅच आपण मिळून मोजू. इलोच्या शीटचं सूत्र अडलं तर तेही विचार, मी लिहून देतो.